आई सारखी विचारते, "उताराला पाणी किती हाय?"

रानजाई | १६ एप्रिल, रात्री ११:४०

मंडळी, बरीच वर्षं इथे नुसती वाचत असते, लिहीत फारशी नाही. आज लिहितेय कारण घरात कुणाशी मोकळं बोलता येत नाहीये आणि झोप तशीही येत नाही.

आई ७९ वर्षांची आहे. फेब्रुवारीत स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला, तोवर लिव्हरमधे पसरला होता. डॉक्टर म्हणाले केमोने त्रासच जास्त होईल, घरी न्या, दुखू देऊ नका, बास. म्हणून कोपरखैरण्याला माझ्याकडे आणलीय. आम्ही माथाडी कामगाराची मुलं, बाबांनी अख्खी जिंदगी मस्जिद बंदरला पाठीवर पोती वाहिली, बाजार वाशीला आला तसे आम्हीही घोडपदेवची खोली सोडून इकडे आलो. बाबा २०११ ला गेले.

तर गेले पंधरा दिवस दिवेलागण झाली की आई विचारते, "पाणी किती हाय?" आम्हाला वाटायचं तहान लागली असेल, चमच्याने पाणी द्यायला गेलो की तोंड फिरवायची, एकदा तर माझा हात झटकून दिला, इतकी ताकद कुठून आली कळेना. मग गेल्या आठवड्यात रात्री दोनच्या सुमारास पूर्ण वाक्य बोलली. "उताराला पाणी किती हाय?" आणि त्यापाठोपाठ एक नाव घेतलं, पुरुषाचं, हाक मारल्यासारखं. बाबांचं नाव नाही ते, मामांचं नाही, आमच्या भावकीत त्या नावाचं कुणी झालेलंच नाही. इथे मी ते लिहिणार नाही, 'ते' म्हणते.

दादाला सांगितलं तर त्याचा चेहराच उतरला. म्हणाला औषधाने बरळतेय, तू कशाला खोदून विचारतेस, बाबांचा फोटो समोर आहे भिंतीवर. पण मला नाही वाटत ती बरळतेय. सकाळी शुद्धीवर असताना मी हळूच विचारलं, आई उतार म्हणजे कुठला गं, तर माझ्याकडे असं बघितलं की मी चोरी पकडलीय तिची, आणि मग हसली. मार्चपासून पहिल्यांदा हसली ती.

तिचं माहेर जावळीत, तापोळ्याच्या खालच्या अंगाला नदीकाठी होतं, कोयनेच्या धरणात गेलं. ते गाव आम्ही कुणीच पाहिलेलं नाही. त्या खोऱ्यातलं कुणी आहे का इथे? आणि अजून एक विचारायचंय, तिला यावर बोलू द्यावं का? की विषय बदलावा? तिला त्रास तर होणार नाही ना?

---

शांतकाकू | १७ एप्रिल, सकाळी ६:१२

बाळा, बोलू दे गं तिला. माझ्या सासूबाई शेवटी शेवटी त्यांच्या धाकट्या बहिणीला हाका मारायच्या, ती दहाव्या वर्षीच पटकीने गेलेली, आणि आम्ही शहाण्यासारखे दर वेळी सांगायचो अहो आई ती नाहीये आता, आणि त्या दर वेळी नव्याने रडायच्या. चार दिवस असं केलं आम्ही. आजही आठवलं की पोटात कालवतं. मग आमच्या कामवाल्या बाईंनी एकदा त्यांच्या डोक्यावरून हात फिरवत नुसतं विचारलं, कशी होती हो तुमची बहीण, आणि त्या तासभर बोलत होत्या. तेव्हा नाही म्हणू नकोस, हो पण म्हणू नकोस, पुढचं विचार.

---

मुक्ता_सिस्टर | १७ एप्रिल, सकाळी ९:३०

मी घरी जाऊन अशा पेशंटांची शुश्रूषा करते, १४ वर्षं झाली. रानजाई ताई, दोन्ही गोष्टी एका वेळी खऱ्या असू शकतात, आठवण खरी असते आणि थोडा भ्रमही असतो. संध्याकाळी गोंधळ वाढतो हे आम्ही कायम बघतो. त्यामुळे आधी हे बघा: पोट साफ होतंय का (मॉर्फिनच्या गोळ्या चालू असतील तर बद्धकोष्ठता होतेच, जुलाबाचं औषध रोज लागतं, "गरज वाटली तर" असं नाही), लघवीला जळजळ किंवा ताप आहे का, लघवी अडलीय का, आणि औषधांचा डोस नुकताच बदललाय का. यातलं काही असेल तर डॉक्टरांना लगेच सांगा, त्यावर उपाय असतो. खोलीत संध्याकाळी अंधार करू नका, मंद दिवा चालू ठेवा. ओठ ओल्या कापसाने पुसत राहा.

हे सगळं ठीक असेल आणि ती शांतपणे बोलत असेल तर ते काही "बरळणं" नाही. जुन्या आठवणी सगळ्यात शेवटी जातात. सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही पण १६ व्या वर्षीचा रस्ता आठवतो. दुखणं आटोक्यात आहे ना? ते सगळ्यात महत्त्वाचं. दुखत असताना कुणालाच काही सांगता येत नाही.

---

अनिकेत७८ | १७ एप्रिल, दुपारी १:०५

माफ करा पण मला हे पटत नाही. तुमच्या आईने ६० वर्षं हे नाव तोंडातून काढलं नाही याचा अर्थ तिला ते सांगायचं नव्हतं. आता तिचा स्वतःवर ताबा नाही म्हणून आपण ते काढून घेतोय आणि वर इथे मांडतोय. आणि तुमच्या वडिलांचं काय? ज्या माणसाने पोती वाहून तुम्हाला मोठं केलं त्याच्याबद्दल कुणी बोलतच नाहीये. तुमच्या भावाचं दुःख मला समजतं. माझे वडील गेल्यावर असं काही बाहेर आलं असतं तर मी कोसळलो असतो.

---

रानजाई | १७ एप्रिल, रात्री १०:२०

मुक्ता सिस्टर, तुमचं वाचून आज डॉक्टरांना फोन केला, पाच दिवस पोट साफ नव्हतं, औषध वाढवून दिलंय. खूप खूप आभार. दुखणं बऱ्यापैकी काबूत आहे.

अनिकेत, तुमचं वाचून राग नाही आला, कारण दादाच्या तोंडचं वाक्य वाचल्यासारखं वाटलं. बाबांबद्दल लिहिते. बाबा रात्री घरी यायचे तेव्हा त्यांच्या मानेखाली पोत्याच्या सुतळीचा छाप उमटलेला असायचा. आई रोज रात्री खोबरेल तेल कोमट करून त्यांची पाठ चोळायची, आम्ही झोपलो असं समजून दोघं हळू आवाजात बोलायचे, कधी हसायचे. त्यांच्यात काही कमी होतं असं मला एक दिवस वाटलं नाही, आजही वाटत नाही. नाव लिहीत नाही ते म्हणूनच. पण ती आता जे बोलते ते बाबांच्या विरुद्ध आहे असं मला का कोण जाणे वाटतच नाहीये. ते बाबांच्या आधीचं आहे. बाबा तिथे नव्हते, मी नव्हते, दादा नव्हता. तिथे कोण होतं एवढंच मला समजून घ्यायचंय.

---

अप्पा_चिपळूण | १८ एप्रिल, सकाळी ७:४५

ताई, मी चिपळूणचा. तुमच्या आईच्या गावावर साठलेलं पाणी बोगद्यातून सह्याद्रीच्या पोटातून पोफळीच्या वीजघरात येतं आणि तिथून आमच्या वाशिष्ठीत. ते पाणी बघत मी लहानाचा मोठा झालो, आमची नदी उन्हाळ्यात पण वाहती असते ती त्यामुळेच, पण त्या पाण्याखाली कुणाचं तरी अंगण आहे हे मला पंचविशी उलटेपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. शाळेत धरणाची उंची पाठ केली, बुडलेल्या एका गावाचं नाव पाठ केलं नाही. आज तुमचा धागा वाचून पुलावर जाऊन उभा राहिलो थोडा वेळ. बाकी मदत मला काही करता येईल असं नाही, पण लिहावंसं वाटलं.

---

जावळीकर | १८ एप्रिल, रात्री ९:५०

रानजाई ताई, मी त्याच खोऱ्यातला. आमचं गाव आता वर डोंगरउतारावर आहे, जुनं गाव पाण्यात. सध्या घणसोलीत राहतो, म्हणजे तुमच्या शेजारीच की.

उतार म्हणजे नदी पायी ओलांडायची जागा, जिथे पात्र पसरट आणि उथळ असतं, खाली गोटे असतात. आमच्याकडे कोयनेच्या दोन्ही काठांना गावं होती, समोरासमोर, हाक ऐकू जाईल इतकी जवळ. पण मृगाचा पाऊस लागला की नदी चढायची आणि दसऱ्यापर्यंत इकडचा माणूस तिकडे जाऊ शकायचा नाही. चार महिने समोरची माणसं फक्त दिसायची. दसऱ्याच्या आसपास पाणी गुडघ्याखाली आलं की "उतार उघडला" म्हणायचे आणि मग लग्नाच्या बोलण्यांपासून उसन्या तांदळापर्यंत सगळं सुरू. त्यामुळे "उताराला पाणी किती" हा प्रश्न आमच्या खोऱ्यात पाणी पिण्याचा नाहीच. तो पलीकडे जाता येईल का, असा प्रश्न आहे.

धरणाचं काम १९५६ ला सुरू झालं आणि १९६४ ला पूर्ण झालं. पाणी अडवायला सुरुवात झाली ती त्याच्या आधीच. आमचे आजोबा सांगतात की सरकारी माणसं येऊन खुणा करून गेली होती, नोटिसा आल्या होत्या, पण एवढी मोठी नदी थांबेल यावर कुणाचा विश्वासच बसला नाही. पाणी जोत्याला लागलं तेव्हा लोकं उठली. शंभराच्या आसपास गावं गेली. ज्यांना वर सरकायला जागा होती ते वर सरकले, बाकीच्यांना तेव्हाचा कुलाबा म्हणजे आताचा रायगड, ठाणे, रत्नागिरी, सांगली, सोलापूर असं कुठे कुठे पाठवलं. एकाच गावातले चार भाऊ चार जिल्ह्यांत गेले. नदीकाठची भाताची जमीन गेली आणि वर राहिलेल्यांना नाचणी-वरीचे डोंगरउतार उरले, मग घरटी एक माणूस मुंबईला ओझी उचलायला, ही तुमच्या वडिलांची आणि माझ्याही वडिलांची गोष्ट. पुढे १९८५ ला अभयारण्य झालं, २०१० ला व्याघ्र प्रकल्प, तेव्हा परत काही गावं हलली. मोबदल्याच्या जमिनीसाठी अजून लोकं आंदोलनाला बसतात, ज्यांच्या नावावर जमीन होती त्यांची नातवंडं बसतात आता.

आजोबा ८६ चे आहेत, कान तल्लख आहेत, सध्या माझ्याकडे आलेत डोळ्याच्या ऑपरेशनसाठी. हवं तर त्यांच्याशी बोला.

---

रानजाई | २० एप्रिल, पहाटे ३:१५

जावळीकर, तुमची पोस्ट मी तीन वेळा वाचली आणि मग आईला वाचून दाखवली. "उतार उघडला" हे शब्द आले तेव्हा तिने डोळे उघडले. आणि मग ती दोन दिवस, तुकड्या-तुकड्यात, मधे झोपत, मधे चहाचा एखादा घोट घेत, बोलत राहिली. मी मोबाईलवर रेकॉर्ड केलंय, तिला विचारून केलंय, "कर की, माझ्या मागं ऐकशील" म्हणाली. मला जसं लागलं तसं लिहिते.

ती गुरं राखायची. अलीकडे तिचं गाव, पलीकडे त्यांचं. तेही गुरं घेऊन पलीकडच्या काठाला यायचे. पावसाळ्यात दोघं समोरासमोर बसायचे, मधे तांबडं पाणी, आवाजाने काही ऐकू यायचं नाही. "मग काय करायचा गं?" मी विचारलं. "काय करायचं? बसायचं. त्यो तिकडं, मी हिकडं. त्येनं घोंगडं झटकलं की मी इरलं हलवायचे." चार महिने हेच. दसऱ्याला उतार उघडला की ते पहिल्या दिवशी यायचे, पाणी अजून मांडीपर्यंत असायचं तरी यायचे, म्हणून ती घाबरून सारखं विचारायची, पाणी किती हाय. सोन्याची पानं द्यायच्या निमित्ताने सगळ्या घरांत जायचे आणि तिच्या घरी सगळ्यात शेवटी.

ते इरलं त्यांनीच करून दिलेलं. बांबूच्या कामट्यांचं, वर पानं शाकारलेली. लावणीला सगळ्या बायका इरली घेऊन वाकलेल्या असायच्या, लांबून सगळ्या सारख्याच दिसतात, म्हणून त्यांनी त्याच्या शेंड्याला तांबड्या लुगड्याची चिंधी बांधली होती, म्हणजे पलीकडून ओळखता येईल ती कुठली.

मग त्या वर्षी पाऊस लागला, नदी चढली, नेहमीसारखं दोघं आपापल्या काठाला. फक्त काठ रोज मागे सरकत होता. आज इथे बसलं तर उद्या दहा पावलं मागे. "मला वाटायचं औंदा पाऊस लई हाय." दसरा आला. पाणी उतरलं नाही. दिवाळी झाली, पाणी उतरलं नाही. ते पलीकडे एवढेसे दिसायचे, मग ठिपका, मग गुरं दिसायची पण माणूस ओळखू यायचा नाही. एक दिवस पलीकडे कुणीच नव्हतं. त्यांचं गाव उठवून घाटाखाली नेलं होतं, कुलाब्याकडे असं कुणीतरी म्हणालं. तिचं गाव वर सरकलं. पत्र कोण लिहिणार, दोघांनाही लिहायला येत नव्हतं आणि लिहिलं असतं तर वाचून दाखवायला कुणाला सांगणार.

मंडळी, मी इथपर्यंत ऐकलं आणि मला वाटलं आता ती रडेल. ती रडली नाही. मला म्हणाली, "त्यो मेला न्हाय, सोडून गेला न्हाय, आमचं भांडान न्हाय. नुसता उतार उघडला न्हाय बघ."

एक अजून. घोडपदेवच्या खोलीत आम्ही दिवा चालू ठेवून बाहेर गेलो की आई ओरडायची, "बत्ती बंद करा, पानी जळतंय!" आम्ही सगळी भावंडं वीजबिलाची चिक्कू म्हणायचो तिला. पाणी कसं जळेल, आम्ही शेजारच्या पोरांना सांगून हसायचो. कोयनेची वीज मुंबईला येते हे भूगोलात शिकलो होतो की आम्ही. मला ५४ वर्षं लागली ते दोन्ही एकत्र जोडायला.

---

मीनल_लेस्टर | २० एप्रिल, दुपारी ४:३०

ऑफिसमधे वाचतेय आणि डोळे पुसतेय. माझी आई मी इथे असताना गेली, फोनवर शेवटचं बोलणं डाळिंबाच्या भावाबद्दल झालं. तिच्या लग्नाआधीच्या आयुष्याबद्दल मला फक्त शाळेचं नाव माहितीये. रानजाई, रेकॉर्डिंग दोन ठिकाणी सेव्ह करून ठेव, प्लीज, फोनच्या भरवशावर राहू नकोस.

---

अनिकेत७८ | २० एप्रिल, रात्री ८:१०

रानजाई, मी आधी जे लिहिलं ते घाईत लिहिलं. तिने स्वतः "कर की" म्हणून रेकॉर्ड करायला सांगितलं हे वाचलं. त्या दृष्टीने मी विचार केला नव्हता. भावाची काळजी मात्र अजून वाटते, त्याला हे इथून कळू नये, तुमच्या तोंडून कळावं.

---

जावळीकर | २२ एप्रिल, रात्री १०:००

ताई, आजोबांना सगळं वाचून दाखवलं. त्यांना त्या घराण्याचं आडनाव (तुम्ही व्यनि म्हणजे खाजगी निरोपात कळवलेलं) माहीत आहे, ती मंडळी रायगडच्या बाजूला गेली एवढं नक्की सांगतात, त्या माणसाचं पुढे काय झालं ते त्यांना ठाऊक नाही. आमच्यातले दोन-तीन जण तिकडच्या पुनर्वसित गावांत आहेत, विचारू का? तुम्ही सांगाल तरच.

---

रानजाई | २३ एप्रिल, रात्री १२:३०

दिवसभर विचार केला. नको विचारू. ते असतील तर त्यांच्या घरात नातवंडं असतील, बायको असेल किंवा तिचा फोटो भिंतीवर असेल. मी कोण तिकडे फोन करणार. आणि नसतील तर मला ते कळेल आणि मग आईसमोर बसून मला ते लपवावं लागेल. माझ्याने नाही होणार.

आणि मला हळूहळू असं लक्षात येतंय की तिला ते "भेटावे" असं नाहीये. ती माणसाबद्दल कमी बोलते आणि जागांबद्दल जास्त. जांभळाखालचा डोह, म्हशी बसायच्या तो खडक, कुणाच्या खाचराच्या बांधावर तोरणाची फळं लागायची, कुठली वाट गोट्यांवरून घसरायची. मी हं हं करते पण माझ्या डोळ्यासमोर काहीच येत नाही आणि तिला ते कळतं. ज्याच्याशी ती हे बोलू शकली असती असं एकही माणूस तिला ६० वर्षांत भेटलं नाही. मामा तेव्हा पाळण्यात होते. बाबा पाटण तालुक्यातले, त्यांचं गाव वेगळं. ते गाव सगळं आठवणारे बहुतेक ते एकटेच उरले असतील, म्हणून त्यांचं नाव.

तुमचे आजोबा बोलतील का तिच्याशी फोनवर? नुसतं गावाबद्दल.

---

रानजाई | ४ मे, रात्री ११:१५

इतके दिवस लिहायला जमलं नाही, तब्येत घसरतेय. आता घट्ट काही खात नाही. बरेचसे तास झोपेत असते. आजोबांच्या ऑपरेशनमुळे फोन पुढे ढकलला होता, तो आज झाला.

सहा वाजता लावला, स्पीकरवर ठेवला तिच्या उशीपाशी. आजोबांनी आधी त्यांच्या गावाचं नाव सांगितलं, मग कुणाचा कोण ते. आई काही बोलली नाही. मग ते आपले बोलत सुटले, जुनं देऊळ कसं होतं, देवळामागून पाणवठ्याला वाट कशी उतरायची, जत्रेला पालखी कुठे थांबायची, उंबराच्या झाडाखाली. आई डोळे मिटून पडलेली, पण तिचा उजवा हात चादरीवर हलायला लागला, बोटाने रेघ काढल्यासारखा, वळण आलं की वळायचा. आजोबा चुकले एका ठिकाणी, तर म्हणाली, "न्हाय. उंबर डाव्या अंगाला." आजोबा म्हणाले, "बरोबर बाय, डाव्या अंगाला." वीस मिनिटं दोघं असे चालत होते. दुसरा शब्द नाही त्याला.

मग तिने ते नाव घेतलं. आणि विचारलं, "उताराला पाणी किती हाय?"

मी फोन बंद करायला हात पुढे केला होता. खरंच सांगते. आजोबा जरा थांबले आणि म्हणाले, "गुडघ्याएवढं हाय. गोटं दिसत्यात." आई म्हणाली, "मंग बरं." आणि झोपली. आज दिवेलागणीला पहिल्यांदा तिने परत विचारलं नाही.

दादा गॅलरीत उभा होता पूर्ण वेळ. आत आला नाही, खाली पण गेला नाही.

---

गोदाकाठ | ५ मे, सकाळी ८:५०

हळवं व्हायला झालं, पण एक शंका मनात आली ती लिहितो. तिने त्यांना तोच माणूस समजून विचारलं आणि आजोबांनी तो गैरसमज तसाच ठेवला. मरणाऱ्या माणसाशी खोटं बोलणं मला कुठेतरी टोचतं. माझ्या वडिलांना आम्ही शेवटपर्यंत आजार सांगितला नाही, त्यांना कळलं होतं आणि ते एकटे पडले होते, हे मला मागाहून समजलं. त्यामुळे मी या बाबतीत कडवा झालोय.

---

मुक्ता_सिस्टर | ५ मे, सकाळी १०:१५

गोदाकाठ दादा, आजार लपवणं वेगळं. तिला तिचा आजार माहितीये, "माझ्या मागं ऐकशील" म्हणाली ती. तुमच्या वडिलांना निरोप घ्यायची संधी मिळाली नाही. इथे तिने एक प्रश्न विचारला आणि तिला उत्तर मिळालं.

---

जावळीकर | ५ मे, दुपारी १२:४०

गोदाकाठ, तुमची पोस्ट आजोबांना वाचून दाखवली, त्यांना वाईट नाही वाटलं. त्यांचं म्हणणं जसंच्या तसं लिहितो: "म्या कुठं सांगितलं मी त्यो हाय म्हनून? तिनं पानी किती इचारलं. वैशाख चालू हाय. वैशाखात पानी पार खाली जातं, वरच्या अंगाला नदी परत नदीवानी व्हती, जुनी जोती दिसत्यात, झाडाची खुटं दिसत्यात. गुडघ्याएवढंच असतंय आत्ता. मी कशाला खोटं बोलू."

हे खरं आहे. उन्हाळ्यात मी स्वतः जुन्या गावाच्या चिखलात चाललोय, आमच्या घराच्या पायरीवर बसलोय.

---

गोदाकाठ | ५ मे, दुपारी १:२०

आजोबांना माझा नमस्कार सांगा.

---

रानजाई | १३ मे, सकाळी ५:३०

आई काल रात्री नऊ वाजून दहा मिनिटांनी गेली. घरघर दोन दिवस होती, मुक्ता सिस्टर तुम्ही व्यनित आधीच समजावून सांगितलं होतं म्हणून आम्ही घाबरलो नाही, कुशीवर वळवून ठेवलं, ओठ ओले करत राहिलो. दुखलं नाही तिला. दादा उशाशी होता.

शेवटच्या दुपारी मी जरा आडवी झाले होते. उठले तर आतून दादाचा आवाज येत होता. मोबाईलवर तो माझं रेकॉर्डिंग लावून ऐकत होता आणि मधे मधे थांबवून तिला सांगत होता, "डोह जांभळाखाली. मग खडक. मग उंबर, डाव्या अंगाला." मी दारातूनच परत फिरले.

सगळ्यांचे उपकार. आता नीट लिहिता येत नाही.

---

शांतकाकू | १३ मे, सकाळी ६:४०

बाळा, काही लिहू नकोस. जेव. झोप.

---

अनिकेत७८ | १३ मे, सकाळी ९:००

भावपूर्ण श्रद्धांजली. दादांना आधार द्या.

---

रानजाई | १५ मे, रात्री ९:३०

जावळीकर, एक विचारायचंय. काल अस्थी आणल्या. नातेवाईक म्हणतात माहुलीला कृष्णा-वेण्णेच्या संगमावर न्या, बाबांच्याही तिथेच सोडल्या होत्या. निम्म्या तिथे नेणार आहोत, बाबांजवळ. उरलेल्या निम्म्यांचं दादाने आपणहून काढलं. मला विचारतोय की मृग लागायच्या आत तिकडे जाता येईल का, तापोळ्याहून लाँच मिळते का, आणि उताराची जागा लाँचवाल्याला माहीत असेल का.

---

जावळीकर | १५ मे, रात्री ९:४८

लाँच मिळेल, पण पाणी खाली गेलंय तेव्हा शेवटचा टप्पा चिखलातून चालावं लागेल, जुनी चप्पल घाला. लाँचवाले सगळे तरुण पोरं आहेत, त्यांना जागा माहीत नाही. आजोबा येतो म्हणतायत. डोळ्याची पट्टी निघालीय. रविवारी पहाटे चारला घणसोलीहून निघू.